माएबूरची खाडी आणि खालचा खडक

आजचा भाग मॉरिशसमधल्या एका छोट्या किनारी गावाबद्दल. नकाशावर माहेबर्ग, तिथले लोक म्हणतात माएबूर. विमानतळ इथून अगदी जवळ, पण बहुतेक पर्यटक उतरतात ते थेट रिसॉर्टची गाडी पकडतात. मी मात्र एक अख्खी संध्याकाळ ह्या गावात पायी फिरलो.

गाव बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर आहे. त्यामुळे सूर्य समुद्रात बुडत नाही, तुमच्या पाठीमागे मावळतो. समोरचं पाणी हळूहळू राखाडी होत जातं आणि लांबवर एक पांढरी रेघ दिसत राहते. ती रेघ म्हणजे रीफ, प्रवाळाचा बांध. त्याच्या आत उथळ, शांत पाणी आणि बाहेर थेट हिंदी महासागर. आजची गोष्ट ह्या प्रवाळाचीच आहे.

१५९८ मध्ये डच ह्याच खाडीत उतरले आणि आपल्या प्रिन्स मॉरिसचं नाव बेटाला देऊन टाकलं. ते १७१० मध्ये निघून गेले, मग फ्रेंच आले. नेपोलियनच्या काळात इथून फ्रेंच जहाजं निघायची आणि ईस्ट इंडिया कंपनीचा माल लुटायची. म्हणून इंग्रजांना हे बेट हवं होतं.

ऑगस्ट १८१० मध्ये त्यांनी खाडीच्या तोंडावरचं इल द ला पास हे पिटुकलं बेट जिंकलं आणि किल्ल्यावर फ्रेंच झेंडा तसाच फडकत ठेवला. आपलाच किल्ला समजून द्युपेरेची फ्रेंच जहाजं जवळ आली आणि तोफा सुरू झाल्या. पण ती थांबली नाहीत, तशीच आत घुसली आणि उथळ खडकांच्या मागे रांग लावून उभी राहिली. वाट दाखवणाऱ्या खुणाही त्यांनी जागेवर राहू दिल्या नाहीत.

आता इंग्रजांकडे चार फ्रिगेट होत्या, ताकद पुरेशी होती. पण पाण्याखाली काय आहे हे कोणाला माहीत होतं? २३ ऑगस्टच्या संध्याकाळी चौघी आत शिरल्या. ‘सिरियस’ खडकावर चढली, ‘मॅजिसिएन’ही अडकली. ‘इफिजिनिया’ला मध्ये आडव्या आलेल्या उथळ पट्ट्यामुळे शत्रूपर्यंत जाताच येईना. एकटी ‘नेरेइड’ जवळ पोचली आणि सगळा मारा तिच्यावर आला. तिच्यावरची बहुतेक माणसं मेली किंवा जखमी झाली. अडकलेल्या दोन्ही जहाजांना इंग्रजांनी स्वतःच आग लावली. पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेली नेपोलियनच्या काळातली एकमेव सागरी लढाई हीच, ‘ग्रां पोर’.

गावाच्या एका टोकाला जुना फ्रेंच वाडा आहे, आता तिथे इतिहास संग्रहालय आहे. ‘नेरेइड’चा कप्तान विलोबी, ज्याचा डोळा गेला होता, आणि जखमी द्युपेरे, दोघांवर ह्याच घरात उपचार झाले. गाइड ही गोष्ट फार प्रेमाने सांगतात. मला स्वतःला त्यापेक्षा पुढचे तीन महिने जास्त इंटरेस्टिंग वाटतात.

कारण इंग्रज परत आले ते ह्या खाडीत आलेच नाहीत. त्यांनी आधी उत्तरेच्या किनाऱ्याजवळ गुपचूप पाण्याची खोली मोजून घेतली. मुंबई, मद्रास आणि बंगालकडून आलेलं सैन्य रॉड्रिग्स बेटाजवळ गोळा केलं. २९ नोव्हेंबरला मोजलेल्या वाटेने सैन्य उतरवलं आणि ३ डिसेंबरला बेट त्यांच्या ताब्यात! शौर्य ऑगस्टमध्येही होतंच की.

शरणागतीच्या अटींमध्ये फ्रेंच मळेवाल्यांची भाषा, कायदे, मालमत्ता सगळं शाबूत राहिलं. मालमत्ता म्हणजे गुलामसुद्धा. त्यांना १८३५ पर्यंत वाट बघावी लागली. मग उसाच्या मळ्यांसाठी भारतातून मजूर आणले गेले, मुंबई बंदरातूनही. आजचे मॉरिशसचे मराठी लोक त्यांचेच वंशज. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.

आता थेट २०२०. २५ जुलैच्या संध्याकाळी ‘वाकाशिओ’ नावाचं सुमारे ३०० मीटर लांबीचं मालवाहू जहाज गावाच्या थोडं दक्षिणेला, बाहेरच्या रीफवर चढलं. जीपीएस होतं, सगळं होतं. चौकशीत पुढे आलं की मोबाइलची रेंज मिळावी म्हणून जहाज किनाऱ्याजवळ आणलं होतं, आणि इतक्या जवळून जायला लागतो तेवढा तपशीलवार नकाशा जहाजावर नव्हता. मी रोज नकाशांच्या डेटावर काम करतो, म्हणून सांगतो: झूम आउट केलेल्या नकाशावर हा किनारा अगदी गुळगुळीत दिसतो. तुम्ही कुठे आहात हे जीपीएस बरोबर सांगतं, खाली काय आहे ते नाही सांगत. १८१० मध्ये निदान शत्रूने खुणा हलवल्या होत्या!

६ ऑगस्टला तेल गळायला लागलं, सुमारे १,००० टन. गावासमोरचं पाणी काळं झालं. ज्या धक्क्यावर मी संध्याकाळी चालत होतो तिथेच तेव्हा शेकडो लोक जमले होते. उसाची पाचट जाळीत आणि कापडात भरून, रिकाम्या बाटल्या बांधून त्यांनी तरंगते बांध शिवले. लोकांनी तेल शोषायला स्वतःचे केसही कापून दिले. हे काम यंत्रणांवर सोडा असं सरकारने सांगितलं, तरी लोक हटले नाहीत. जहाजाचे दोन तुकडे झाले आणि पुढचा भाग खोल समुद्रात नेऊन बुडवला तो दिवस २४ ऑगस्ट, म्हणजे ‘नेरेइड’ पडली तीच तारीख. कप्तान आणि त्याच्या पहिल्या अधिकाऱ्याला पुढे शिक्षा झाली. मच्छीमारांना मात्र कित्येक महिने ह्या पाण्यात जाळं टाकता आलं नाही.

अंधार पडला की धक्क्यावरून ती पांढरी रेघ दिसेनाशी होते, फक्त लाटांचा आवाज येतो. संग्रहालयात १७४४ साली ह्याच बेटाच्या रीफवर फुटलेल्या ‘सें जेरां’ जहाजाची घंटा ठेवली आहे. तिची गोष्ट पुढच्या भागात.