बॅरिस्टर ते कायदामंत्री: बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा का दिला होता?

ऑक्टोबर १९५१. देशाचे पहिले कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर राजीनाम्यामागची कारणं सांगायला संसदेत आले होते. राजीनामा दिलेल्या मंत्र्याने सभागृहात निवेदन करायचं, ही पद्धतच आहे. पण उपाध्यक्षांनी निवेदनाची प्रत आधी मागितली आणि बोलण्यासाठी संध्याकाळी सहाची वेळ दिली. बाबासाहेबांना हे मान्य नव्हतं. ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन थेट वर्तमानपत्रांना दिलं.

चारच वर्षांपूर्वी नेहरूंच्या मंत्रिमंडळात गेलेले बाबासाहेब या टप्प्यावर का आले? त्यासाठी त्यांच्या वकिलीपासून सुरुवात करावी लागते.

परळची खोली आणि कोर्टातली वकिली

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे झाला. एल्फिन्स्टन कॉलेजनंतर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९१६ मध्ये त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी प्रवेश घेतला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांची मदत झाली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले.

१९२३ पासून त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. पण बॅरिस्टरकडे कामं यायची सॉलिसिटरमार्फत आणि अस्पृश्य समाजातल्या वकिलाला काम द्यायला सॉलिसिटर तयार नसत. त्यामुळे सुरुवातीला मुख्य आधार खालच्या कोर्टातल्या खटल्यांचाच होता. त्यांचं कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होतं. संसार चालवण्यासाठी जोडीला शिकवण्याचं कामही करावं लागे.

तरी त्यांनी लढवलेले काही खटले आजही आठवले जातात. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर आणि केशवराव जेधे यांच्यावर खटला झाला, तेव्हा अपिलात बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली आणि दोघं सुटले. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या लैंगिक विषयांवरच्या मजकुरासाठी र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. तिथेही कर्वेंचे वकील बाबासाहेबच होते. हा खटला मात्र ते हरले. कर्वेंना दंड झाला.

चवदार तळ्याचा दावा

महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर कोर्टात जे झालं, ते फारसं सांगितलं जात नाही.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा महाडच्या काही सवर्णांनी तळं खासगी असल्याचा दावा लावून कोर्टाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. हजारो माणसं जमलेली होती. पण बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम न मोडता सत्याग्रह स्थगित केला आणि लढाई कोर्टात नेली. खालच्या दोन्ही कोर्टांत ते जिंकले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टानेही त्यांच्याच बाजूने निकाल दिला. एका तळ्याच्या पाण्यासाठी कोर्टात जवळपास दहा वर्षं गेली.

मंत्रिपदाआधीचं ‘मजूर खातं’

जून १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि पुढच्या वर्षी ते मुंबई विधानसभेवर निवडून आले.

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे मजूर खातं आलं. आजच्या भाषेत हे केंद्रीय कामगारमंत्रिपदच. त्यांच्या काळात सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी एकत्र बसून चर्चा करू लागले, कोळसा खाणीतल्या कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतली कामाची कमाल मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. आठवड्याचे सहा दिवस धरले, तर हे रोजचे आठ तास होतात.

काँग्रेसच्या विरोधकाला कायदा खातं

१९४६ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा मोठा पराभव झाला. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने ते बंगालमधून संविधान सभेत गेले, पण फाळणीमुळे ती जागा गेली. मग काँग्रेसच्या पाठिंब्याने ते मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले. ऑगस्ट १९४७ मध्ये ते स्वतंत्र भारताचे कायदामंत्री झाले आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला संविधानाच्या मसुदा समितीवर त्यांची नेमणूक झाली. पुढे ते समितीचे अध्यक्ष झाले.

हिंदू कोड बिलात असं काय होतं?

हिंदूंचा लग्न, वारसा, दत्तक यांविषयीचा कायदा तेव्हा प्रांताप्रांतांत आणि जातीजातींत वेगळा होता. तो एकत्र करण्याचं काम इंग्रजांच्या काळातच बी. एन. राव समितीने सुरू केलं होतं. बाबासाहेबांनी ते बिल पुढे नेलं. त्यातले मुख्य मुद्दे असे:

– एका वेळी एकच लग्न. पहिली बायको असताना दुसरी करता येणार नाही.
– ठरावीक कारणांसाठी नवऱ्याला आणि बायकोला, दोघांनाही घटस्फोटाचा हक्क.
– वडिलांच्या मालमत्तेत मुलीला वाटा. प्रवर समितीने तो मुलाच्या बरोबरीचा केला.
– विधवेला मिळालेली मालमत्ता फक्त हयातीपुरती न राहता पूर्णपणे तिच्या मालकीची.
– लग्न आणि दत्तक यांत जातीची आडकाठी नाही.

यातलं सगळंच नवं नव्हतं. मुंबई प्रांतात द्विभार्या बंदीचा कायदा १९४६ मध्ये आणि हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये झालाच होता. पण देशभरासाठी असा कायदा करायला मोठा विरोध झाला. करपात्री महाराजांसारख्या धर्मनेत्यांनी आंदोलन उभं केलं, काँग्रेसमधले अनेक खासदार विरोधात गेले आणि राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांचाही आक्षेप होता. चर्चा वर्षानुवर्षं लांबत गेली. सप्टेंबर १९५१ मध्ये निदान लग्न आणि घटस्फोटाचा भाग मंजूर करायचं ठरलं, पण चार कलमं झाल्यावर तोही बाजूला ठेवला गेला. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती.

राजीनामा आणि त्यानंतर

२७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हे त्याचं एकमेव कारण नव्हतं. आपल्याला नियोजनासारखं आर्थिक खातं मिळालं नाही, अनुसूचित जातींकडे सरकारचं दुर्लक्ष आहे आणि परराष्ट्र धोरण चुकतंय, हेही त्यांनी निवेदनात मांडलं. मात्र इतके दिवस आपण मंत्रिमंडळात थांबलो ते या बिलासाठीच, असं त्यांचं म्हणणं होतं. बिलच सोडून दिल्यावर थांबायचं कारण उरलं नव्हतं.

त्यानंतरच्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांचा पराभव केला. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूकही ते हरले. अखेरपर्यंत ते राज्यसभेत होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

निवडणुकीनंतर नेहरू सरकारने तेच बिल चार तुकड्यांत मंजूर केलं. १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला, १९५६ मध्ये वारसा आणि पालकत्वाचे कायदे आले. चौथा कायदा दत्तक आणि पोटगीचा. तो डिसेंबर १९५६ मध्ये लागू झाला, तेव्हा बाबासाहेबांना जाऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते.

वारशाच्या कायद्यातही एक उणीव राहिलीच. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क फक्त मुलांनाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा बदलून मुलींना हा हक्क दिला. देशभरात तो ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला. आज सातबाऱ्यावर वारस म्हणून मुलीचंही नाव लागतं, त्याची सुरुवात या बिलापासून झाली होती.