कर्जत-खालापुरात साथीची चाहूल आधी कोणाला लागते?

पावसाळ्यात एका वाडीत आठवडाभरात पाच जणांना जुलाब झाले. ही नेहमीची तक्रार, की साथीची सुरुवात? हे ओळखण्यासाठी एक साखळी काम करते.

पहिली कडी आशाताई आणि उपकेंद्रातली आरोग्यसेविका. त्या लक्षणं नोंदवतात. दुसरी कडी डॉक्टर. ते तपासून संशयित रुग्ण नोंदवतात. तिसरी प्रयोगशाळा, जी निदान पक्कं करते. 2004 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात या नोंदींना एस, पी आणि एल फॉर्म म्हणतात. तालुका आरोग्य अधिकारी आणि अलिबागचे जिल्हा सर्वेक्षण अधिकारी त्यांवर लक्ष ठेवतात. आकडा अचानक वाढला की पथक वाडीवर जातं, पाण्याचे नमुने घेतं आणि विहिरीत टीसीएल पावडर टाकली जाते.

अडचण डोंगरावरच्या वाड्यांची. जुलै 2023 मध्ये दरडीखाली गेलेल्या खालापूरच्या इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. अशा ठिकाणची खबर पायीच खाली येते. ती उशिरा आली, तर उपायही उशिरा होतात.

रुग्णालयात दुसरी फळी असते संसर्ग नियंत्रण समिती आणि परिचारिकांची. प्रत्येक रुग्णाआधी व नंतर हात धुणं, उपकरणं निर्जंतुक करणं, दूषित ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत टाकणं, यावर त्यांची नजर असते. नाहीतर एकाचा संसर्ग शेजारच्या खाटेवर जातो.

तुम्ही काय कराल? लेप्टो सुरुवातीला साध्या तापासारखाच वाटतो. चिखलात काम केलं असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. शेजारीही आजारी असतील, तर आशाताईंना त्याच दिवशी कळवा.