मागच्या गाडीचा ब्रेक

1914 साली डेट्रॉइटमधल्या ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराकडे फ्रेडरिक सिबली नावाचा लाकडाचा व्यापारी एक काम घेऊन आला. त्याला आपली होडी फोर्ड मॉडेल टीमागे जोडून मिशिगनच्या उत्तरेकडच्या तळ्यावर न्यायची होती. फ्रुहॉफने बनवून दिलेला गाडा सिबलीला इतका पसंत पडला की त्याने लाकूड वाहायलाही तसेच गाडे करून घेतले. अमेरिकेतल्या ट्रेलरच्या धंद्याचा इतिहास बहुतेक जण इथूनच सांगायला लागतात. ओढण्याचा प्रश्न लोहाराने सोडवला. थांबवण्याचा प्रश्न मात्र पुढची नव्वद वर्षे पुरला.

कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या लावून उतार उतरणारा ट्रॅक्टर ज्याने पाहिला आहे, त्याला हा प्रश्न समजावून सांगायला नको. पुढचा थांबू पाहतो, मागचे वजन त्याला ढकलत राहते, आणि रस्ता ओला असला की दोन्ही वाहने जोडापाशी दुमडतात.

रेल्वेने यावर तोड काढली होती. जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1869 मध्ये हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि काही वर्षांतच त्याची उलट्या तर्काची आवृत्ती आणली: नळीत हवेचा दाब असेल तोवर ब्रेक सुटलेला, दाब गेला की ब्रेक लागलेला. डबा तुटून मागे राहिला तरी आपोआप थांबणार. पण घरगुती मोटारीत हवा भरणारा कॉम्प्रेसर कुठून आणायचा? बॅटरी मात्र बहुतेक गाड्यांत होती.

ती कामाला लावणाऱ्यांत विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइटचा आर्थर प्रॅट वॉर्नर आघाडीवर होता. हा माणूस मोठा उद्योगी. भाऊ चार्ल्सबरोबर त्याने मोटारींसाठी वेगमापक बनवला, त्यातून पैसा केला, आणि 4 नोव्हेंबर 1909 रोजी बेलॉइटजवळ कर्टिस विमान स्वतःच उडवले. विस्कॉन्सिनमधले ते पहिले विमानोड्डाण. 1927 मध्ये त्याने विजेच्या ब्रेकची कंपनी काढली. तिच्या ब्रेकची मूळ कल्पना आजही ट्रेलरच्या चाकात सापडते. फिरत्या ड्रमच्या आतल्या बाजूला एक विद्युतचुंबक असतो. प्रवाह सोडला की तो ड्रमच्या पृष्ठभागाला चिकटू पाहतो आणि ड्रमबरोबर थोडा ओढला जातो. त्याला जोडलेला दांडा ब्रेकचे शू बाहेर दाबतो. म्हणजे ताकद बहुतांशी फिरणाऱ्या चाकाचीच, वीज फक्त निमित्त. म्हणूनच एका चुंबकाला साधारण 3 अँपिअर पुरतात. 1930 नंतर घरासारखे ट्रेलर ओढत भटकण्याचे वेड अमेरिकेत पसरले (एअरस्ट्रीमचा चकचकीत ‘क्लिपर’ 1936 चा) आणि अशा ब्रेकला गिऱ्हाईक मिळाले.

या युक्तीत एक खोट होती. वेस्टिंगहाउसच्या बरोबर उलट, इथे प्रवाह नाही तर ब्रेकही नाही. त्यामुळे ट्रेलरवर वेगळी छोटी बॅटरी आणि एक खटका आला. ट्रेलर निसटला की दोरी ताणून खटक्यातली पिन निघते आणि ब्रेक लागतात. मालवाहतुकीच्या अमेरिकी संघीय नियमांनुसार ते किमान 15 मिनिटे लागून राहिले पाहिजेत.

किती प्रवाह सोडायचा, हे कोणी ठरवायचे? सुरुवातीला चालकाने हाताच्या दांड्याने. मग प्रवाह ठरवणाऱ्या पेटीची, म्हणजे कंट्रोलरची, नळी थेट मास्टर सिलिंडरच्या ऑइललाइनला जोडली जाऊ लागली: पाय जितका जोरात, तितका प्रवाह जास्त. पद्धत झकास, पण त्यासाठी गाडीच्या मुख्य ब्रेकलाच जोड द्यावा लागे. 1987 च्या फोर्ड एफ-150 पासून पिकअपमध्ये चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा येत गेली आणि ही जोडणी बाद झाली. त्यानंतरचे स्वस्त कंट्रोलर ब्रेकच्या दिव्याची तार पाहून ठरावीक गतीने प्रवाह वाढवत. पाय हलका आहे की घाबरून मारलेला, हे त्यांना कळत नसे. लोलक बसवलेले त्याहून शहाणे, कारण गाडी किती झपाट्याने मंदावते आहे ते लोलक मोजतो. पण तोही नीट सरळ बसवला नाही तर चुकीचे सांगणार.

वायरिंगचा इतिहास याहून घरगुती. अनेक अमेरिकी गाड्यांत मागचा लाल दिवाच ब्रेक दाखवतो आणि वळणही, म्हणून हलक्या ट्रेलरला चार तारा पुरतात: तपकिरी मागच्या दिव्यांना, पिवळी डावीकडे, हिरवी उजवीकडे, पांढरी अर्थिंगची. मोठ्या ट्रेलरच्या सात टोकांच्या सॉकेटमध्ये ब्रेकची तार आली, बहुधा निळी. यातली पांढरी सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत खोडकर. तिच्या टोकाला गंज चढला की डावे वळण दाखवताना भलतेच दिवे मिणमिणतात, आणि लोक बिचाऱ्या बल्बांना दोष देत बसतात.

फोर्डने 2005 च्या सुपर ड्यूटी ट्रकमध्ये कंट्रोलर कारखान्यातच बसवून दिला. तो ब्रेकचा दाब सेन्सरने वाचतो, म्हणजे जुनीच झकास पद्धत, नळी न जोडता. मात्र मागे रिकामा गाडा आहे की सहा घोडे, हे ट्रकला आपोआप उमगत नाही. त्यासाठी चालकाला मोकळ्या रस्त्यावर ताशी 30-40 किलोमीटर वेगाने जाऊन हाताचा दांडा दाबावा लागतो, आणि ट्रेलरची चाके अडकू लागली की कंट्रोलरवरचा प्रवाहाचा आकडा थोडा खाली आणावा लागतो. वजन बदलले की हे पुन्हा करायचे.