सायकलमार्ग : आधी रहिवाशांचे मत

एकेकाळी 'सायकलींचे शहर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याच्या महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्यासाठी नागरिकांची मतेही अजमावण्यात आली होती. अशा सर्वेक्षणात प्रवासाचा हेतू, अंतर, नेहमीचा रस्ता आणि भीती वाटणारे चौक यांची माहिती घेतली जाते. अपघातांच्या नोंदींत न येणारे धोके त्यातून उघड होतात. मात्र केवळ सायकलस्वारांनाच विचारल्यास भीतीपोटी सायकल सोडून दिलेले विद्यार्थी, महिला व ज्येष्ठ निसटतात. इंटरनेटवरील प्रश्नावली कामगारांपर्यंत पोचेलच असे नाही. त्यासाठी कारखाने, शाळा व वस्त्यांत प्रत्यक्ष जावे लागते. उत्तरे नकाशावर मांडली, की मार्गांतील तुटलेले दुवे दिसतात आणि कोणते काम आधी हाती घ्यावे, हे ठरविता येते.