खोपोलीचे तळे आणि जिऊबाई

बोरघाटाच्या पायथ्याशी, खालापूर तालुक्यातील खोपोली येथे, वीरेश्वराच्या देवळालगत नाना फडणविसांनी बांधविलेले विस्तीर्ण तळे आहे. घाट उतरून दमलेल्या वाटसरूने आणि ओझ्याच्या बैलाने येथे पाणी प्यावे व मग कोकणाची वाट धरावी, असा त्या काळचा शिरस्ता. तळे पाहून बहुतेकांस नानांचे स्मरण होते. मला मात्र तेथे त्यांचे शेवटचे कुटुंब, जिऊबाई, आठवतात.

ज्या नानांनी 1761 साली पानिपताच्या धामधुमीत आपल्या मातोश्री गमावल्या आणि पुढे चार दशके मराठी दौलतीचा कारभार आपल्या लेखणीने सावरून धरला, त्यांचे विवाह अनेक झाले, तरी वंश चालविणारा पुत्र काही मागे उरला नाही. 13 मार्च 1800 रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले तेव्हा जिऊबाई अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. सागरगोटे खेळण्याच्या वयात त्यांच्या पदरी वैधव्य आले, आणि त्याबरोबर ज्या घराण्याच्या द्रव्यावर पेशव्यापासून सर्वांचा डोळा होता त्या घराण्याचे धनीपणही आले. दुसऱ्या बाजीरावाने फडणविसांच्या मालमत्तेवर जप्ती आणिली व ह्या पोरीस नजरकैदेत ठेविले. 1802 साली होळकरांची फौज पुण्यावर चालून आली त्या गर्दीत त्यांची सुटका झाली आणि त्या लोहगडावर आल्या. किल्ल्यावर धोंडो बल्लाळ निजसुरे हे नानांचे इमानी आश्रित बंदोबस्ताने राहिले होते. मार्च 1804 मध्ये जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने करार ठरला: किल्ला बाजीरावाकडे जावा, बाईंनी आपल्या चीजवस्तूंसह पनवेलीस निर्वेध राहावे आणि त्यांस सालीना बारा हजार रुपयांची नेमणूक मिळावी. लोहगडाहून पनवेलीस जाणारा राजरस्ता बोरघाटानेच उतरतो, आणि खोपोली, खालापूर, चौक ही त्यावरील गावे. पतीने परक्या वाटसरूंसाठी बांधलेले तळे त्याच वाटेच्या कडेला होते.

पेशवाईतील साडेतीन शहाण्यांत नानांची गणना अर्ध्यात होई, कारण अक्कल पुरी असली तरी तलवार त्यांच्या हाती नव्हती. ह्या हिशेबात बायकांस अपूर्णांकाइतकीही जागा नव्हती, हे मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे. शहाण्यांची दौलत 1818 साली बुडाली. ज्या मुलीस किल्ल्यासारखेच तहाच्या कलमात घातले होते, तिने मात्र वाईजवळच्या मेणवलीचा वाडा पुन्हा संपादन केला, दत्तक घेऊन फडणविसांचे नाव चालू ठेविले, आणि बाजीराव ब्रह्मावर्तास वारल्यावरही तीन वर्षे त्या घराण्याची वडीलधारी म्हणून नांदली. नानांच्या हातचे जे दफ्तर पुढे पारसनीसांसारख्या संशोधकांच्या उपयोगी पडले, ते त्याच मेणवलीचे. वाडा नांदता राहिला नसता तर त्या रुमालांची काय गत झाली असती, याची कल्पना वाळवीने पोखरलेली दफ्तरे ज्यांनी सोडून पाहिली आहेत त्यांस सहज करता येईल.

जिऊबाई 1854 साली निवर्तल्या. त्यांच्या हयातीतच, 1830 साली, गव्हर्नर माल्कम याने बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला केला होता. त्यांच्या पश्चात दोनच वर्षांनी आगगाडी कर्जत तालुक्यातून पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली आणि तेथेच थबकली, कारण डोंगर फोडून लोहमार्ग वर चढण्यास 1863 साल उजाडावे लागले. मुंबईहून काही तासांत आलेला उतारू खोपोलीस गाडीतून पायउतार होई, आणि भोयांशी भाड्याची घासाघीस करून, पालखीत नाही तर डोलीत बसून, तोच जुना घाट चढू लागे.