नगरचा आमदार : बाण आणि घड्याळ

शिवसेनेचे अनिल राठोड १९९० साली नगर शहरातून पहिल्यांदा आमदार झाले आणि २००९ पर्यंतच्या पाचही निवडणुका त्यांनी जिंकल्या. पावभाजीची गाडी लावणारा हा माणूस युती सरकारात राज्यमंत्रीही झाला. सामान्य माणसाच्या हाकेला धावणारे 'भैया', अशी त्यांची ख्याती. पण राजकारण कडव्या हिंदुत्वाचे. आपल्या मोहल्ल्यांना त्यांचा गुलाल परकाच वाटे.

२०१४ मध्ये युती तुटली, आघाडीही तुटली. चौरंगी लढतीत राष्ट्रवादीचे संग्राम जगताप ३,३१७ मतांनी निवडून आले. भाजपच्या उमेदवाराने चाळीस हजारांच्या आसपास मते घेतली होती. म्हणजे भैयांना पाडले ते आधी त्यांच्याच जुन्या मित्राने! तरी 'सेक्युलर' पक्ष आला, हा दिलासा होताच. २०१९ मध्ये युती असूनही राठोड पुन्हा हरले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

जगताप २०२३ मध्ये अजित पवारांबरोबर गेले, २०२४ मध्ये तिसऱ्यांदा जिंकले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोलापूरच्या मोर्चात त्यांनी आवाहन केले : दिवाळीची खरेदी फक्त हिंदूंच्या दुकानातूनच करा. पक्षाने नोटीस काढली. पण चिन्ह तेच घड्याळ, बाणाला पर्याय म्हणून पाहिलेले. पारख झाली ती चिन्हाची. माणसाची करायची राहूनच गेली.

नगरच्या कापडबाजारात दुकानदार दोन्ही समाजांचे, गिऱ्हाईकही दोन्हींचे. दिवाळी असो वा ईद, गल्ला दोघांचाही भरतो.