आठवा सर्व्हर

१९ जुलै २०२४ च्या सकाळी देशातील अनेक विमानतळांवर विस्मृतीत गेलेले एक दृश्य पुन्हा दिसले. काउंटरवरील कर्मचारी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देत होते. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठीची एक सदोष फाइल जगभर धाडली होती. भारतीय वेळेनुसार ती सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी निघाली आणि ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तेवढ्या वेळात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली होती. हा सायबर हल्ला नव्हता. फाइलमध्ये दोष होता, तपासणीत तो निसटला आणि टप्प्याटप्प्याने न जाता ती एकदमच सर्वत्र पोहोचली.

तयार झालेली आज्ञावली जिथे चालायची त्या यंत्रावर नेऊन बसवणे, याला संगणकाच्या व्यवहारात डिप्लॉयमेंट, म्हणजेच तैनाती म्हणतात. आज्ञावली लिहिणे हे बुद्धीचे काम आणि ती बसवणे ही निव्वळ हमाली, असा समज दीर्घकाळ होता. हा समज कसा मोडला, हे पाहण्यासाठी जावा सर्व्हरचा इतिहास उपयोगी पडतो.

सन मायक्रोसिस्टिम्सने मे १९९५ मध्ये जावा ही भाषा जाहीर केली. एकदा लिहिलेली आज्ञावली कोणत्याही यंत्रावर चालावी, हे तिचे आश्वासन होते. १९९७ मध्ये ‘सर्व्हलेट’ ही संकल्पना आली आणि वेबवरील विनंत्यांना उत्तरे देण्याचे काम जावाकडे आले. आज्ञावली कुठेही चालू शकत असली, तरी ती सर्व्हरवर बसवायची कशी याची सर्वमान्य रीत नव्हती. १९९९ च्या सर्व्हलेट २.२ या प्रमाणकाने ती घालून दिली. आज्ञावली, तिला लागणारी ग्रंथालये, पाने आणि मांडणीची माहिती हे सारे ‘वॉर’ नावाच्या एकाच गठ्ठ्यात बांधायचे आणि तो गठ्ठा सर्व्हरच्या स्वाधीन करायचा.

त्याच वर्षी सनमधील अभियंता जेम्स डंकन डेव्हिडसन याने लिहिलेला सर्व्हर अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनला देण्यात आला. तोच आजचा टॉमकॅट. स्वतःची काळजी स्वतः घेणारा प्राणी म्हणून त्याने बोक्याचे नाव निवडले होते. टॉमकॅट खुला करताना एक अडचण आली. ‘मेक’ या जुन्या साधनाच्या सूचना वेगवेगळ्या यंत्रांवर सारख्या चालत नसत, आणि टॅबच्या जागी चुकून स्पेस पडली तरी सारे अडून बसे. वैतागून डेव्हिडसनने ‘अँट’ हे नवे साधन रचले. जुलै २००० मध्ये ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. जावा सर्व्हर आणि त्यासाठीचे स्वयंचलनाचे साधन ही अशी एकाच गरजेतून जन्मली.

तरीही शेवटचा टप्पा बराच काळ हातानेच पार पडे. सर्व्हर थांबवायचा, जुना फोल्डर काढायचा, नवा गठ्ठा ‘वेबॲप्स’ या जागी ठेवायचा, सर्व्हर पुन्हा सुरू करायचा आणि नोंदींवर डोळे लावून बसायचे. यंत्र एकच असेल तर हे निभते. यंत्रे आठ असतील तर तीच कृती अचूकपणे आठ वेळा करावी लागते, आणि मानवी स्मृतीची खरी परीक्षा तिथे होते.

या परीक्षेवरचे उत्तर त्यापूर्वीच, १९९३ मध्ये, एका भौतिकशास्त्रज्ञाने शोधायला घेतले होते. सैद्धांतिक भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला मार्क बर्जेस तेव्हा ओस्लो विद्यापीठात संशोधन करत होता. विभागातील नाना जातींचे युनिक्स संगणक सांभाळताना त्याने सीएफइंजिन लिहिले. यंत्राला कृतींची यादी देण्याऐवजी अपेक्षित स्थिती सांगावी, हा त्याचा मूलभूत विचार. वाडग्याच्या कडेवरून गोटी कुठूनही सोडली तरी ती अखेर तळाशी स्थिरावते. यंत्राची सुरुवातीची अवस्था कशीही असो, प्रत्येक फेरीत त्याने अपेक्षित स्थितीकडेच सरकावे आणि तिथे पोहोचल्यावर तिथेच राहावे.

या गुणधर्माचे नाव गणितात जुने आहे. एखादी क्रिया दुसऱ्यांदा केल्यावरही पहिल्या वेळचेच फळ कायम राहत असेल, तर बेंजामिन पर्स या अमेरिकी गणितज्ञाने १८७० मध्ये तिला ‘आयडेम्पोटंट’ म्हटले. पुंजयामिकी शिकलेल्यांना प्रक्षेपण-कारक आठवेल. त्याचा वर्ग तो स्वतःच असतो. स्वयंचलनाची चांगली साधने याच तत्त्वावर उभी आहेत.

हे तत्त्व बाजूला राहिले तर काय होते, ते १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात दिसले. नाइट कॅपिटल या दलाली पेढीने नवी आज्ञावली आठ सर्व्हरवर बसवायला घेतली. सात सर्व्हरवर ती बसली, आठव्यावर राहून गेली. दुसऱ्या कुणी पडताळणीही केली नाही. त्या आठव्या सर्व्हरवर २००३ पासून वापरात नसलेला जुना भाग शिल्लक होता, आणि नव्या आज्ञावलीने त्याचाच संकेत पुन्हा वापरात आणला होता. बाजार उघडताच तो जागा झाला. अमेरिकी नियामकाच्या आदेशानुसार सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि पेढीला ४६ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. निस्तरण्याच्या घाईत उरलेल्या सात सर्व्हरवरची नवी आज्ञावलीही काढण्यात आली. त्यामुळे तेही जुन्याच वाटेने गेले आणि घाव अधिक खोल झाला.

योगायोग असा, की त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मायकेल डीहान याने ॲन्सिबल हे साधन प्रसिद्ध केले होते. हा शब्द उर्सुला ले ग्विन यांच्या १९६६ च्या विज्ञानकादंबरीतला. कितीही अंतरावर तत्क्षणी निरोप पोहोचवणारे ते काल्पनिक यंत्र. सापेक्षता सिद्धांत अशा यंत्राला परवानगी देत नाही, पण सर्व्हरच्या जगासाठी हे नाव समर्पक ठरले. दूरच्या यंत्रावर वेगळा मदतनीस न बसवता ॲन्सिबल नेहमीच्या एसएसएच जोडणीवरून काम करते आणि ‘प्लेबुक’ या साध्या मजकुरात अपेक्षित स्थिती नोंदवते. रेड हॅटने २०१५ मध्ये ही कंपनी विकत घेतली. ॲन्सिबलच्या नमुना-प्लेबुकांत टॉमकॅट आणि जेबॉस हे जावा सर्व्हर उभारण्याचे धडे आहेत.

अशा धड्याचा आशय थोडक्यात असा : यंत्रावर जावा असावी, टॉमकॅटसाठी मर्यादित अधिकारांचा स्वतंत्र वापरकर्ता असावा, वॉर गठ्ठा ठरलेल्या जागी असावा, सेवा चालू असावी, आणि ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर उत्तर मिळावे. गठ्ठा आधीच तिथे असेल तर ॲन्सिबल त्याची अंकमुद्रा ताडून पाहते. ती जुळली तर त्याला हात लावत नाही, आणि गठ्ठा बदललेला नसेल तर त्यासाठी सर्व्हरही पुन्हा सुरू करत नाही. आठ यंत्रांची नावे यादीत असतील, तर आठवे विसरण्याचा प्रश्न उरत नाही. एखाद्यापर्यंत पोहोचता आले नाही, तर ते अपयश अहवालात नोंदले जाते.

हा विषय भारताला परका नाही. बंगळुरूच्या ट्रिपल आयटीमध्ये २०१८ साली सुरू झालेला ‘मोसिप’ हा राष्ट्रीय ओळख-प्रणालीचा मुक्त प्रकल्प मुख्यतः जावात, स्प्रिंग बूटच्या आधारे लिहिला आहे. फिलिपिन्स आणि मोरोक्को यांसारख्या देशांनी तो स्वीकारला. स्प्रिंग बूटमध्ये टॉमकॅट आज्ञावलीच्या पोटातच असतो, त्यामुळे सर्व्हरवर गठ्ठा ठेवण्याची जुनी रीत इथे उलटी होते. सेवा मात्र अनेक असतात, आणि साऱ्या एकमेकींशी सुसंगत आवृत्तीत चालाव्या लागतात. नागरिकाची ओळख पटवणारी यंत्रणा कुणा एका तंत्रज्ञाच्या स्मरणशक्तीवर सोडता येत नाही.

मात्र २०१२ आणि २०२४ या दोन घटना शेजारी ठेवल्या, तर स्वयंचलनाची दुसरी बाजूही दिसते. पहिल्या वेळी माणसाचा हात एका यंत्राला विसरला. दुसऱ्या वेळी वितरणाची यंत्रणा आपले काम चोख बजावत राहिली, आणि म्हणूनच दोष इतक्या दूरवर गेला. त्या अनुभवानंतर क्राउडस्ट्राइकनेही अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठवण्याचा मार्ग स्वीकारला. ॲन्सिबलच्या प्लेबुकातही ‘सिरीअल’ या एका शब्दाने तशी सोय होते. आधी एक यंत्र, ते ठीक चालले तर पुढची तुकडी.

पहिलीच जावा आज्ञावली सर्व्हरवर चढवणाऱ्या विद्यार्थ्याला पडद्यावर पान दिसले की काम संपले असे वाटते. परीक्षेचा निम्मा भाग अजून बाकी असतो. काहीही न बदलता तेच प्लेबुक पुन्हा चालवावे आणि अहवालाची शेवटची ओळ वाचावी. तिथे बदलांची संख्या ० दिसली, तर यंत्र अपेक्षित स्थितीत स्थिरावले आहे. शून्याच्या जागी दुसरा आकडा दिसला, तर प्लेबुकातली कोणती पायरी दर वेळी नव्याने घडते आहे, ते आधी शोधावे, आणि मगच दुसऱ्या सर्व्हरचे नाव यादीत घालावे.